तळघरातील चित्रगृह: प्रोजेक्टर की मोठा टीव्ही?
तळघरातील काळोख प्रोजेक्टरच्या पथ्यावर पडतो. मात्र भिंती आणि छत पांढरेच ठेवले, तर पडद्यावरून परतलेला प्रकाश त्यांच्यावर आदळून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो, म्हणून तेथे गडद, चकाकी नसलेला रंग द्यावा लागतो. टीव्हीला ही अट नाही, दिवे लावूनही चित्र ठसठशीत दिसते. परंतु 100 इंची टीव्ही अरुंद जिन्यातून खाली नेणे कठीण (खरेदीपूर्वी जिन्याचे वळण मोजावेच), उलट गुंडाळलेला पडदा सहज उतरतो. शिवाय ध्वनी आरपार जाऊ देणाऱ्या पडद्यामागे मधला स्पीकर ठेवता येत असल्याने संवाद थेट पात्रांच्या तोंडून आल्यासारखे वाटतात. केवळ चित्रपटांसाठी मी प्रोजेक्टरच निवडेन. भिंतींना ओल असल्यास मात्र दोन्ही खरेदी तूर्त लांबणीवर टाकाव्यात.