‘पोपटाचा पिंजरा’ म्हणून मिळणारा दीड फुटी जीआय पिंजरा: घ्यावा का?

पक्ष्यांच्या दुकानात ‘पोपटाचा पिंजरा’ मागितला की बहुधा हाच पुढ्यात येतो. जीआय तार, लांबी दीड फूट, रुंदी एक फूट, घुमटासारखं छत, वर सरकवायचं दार, दोन प्लॅस्टिकच्या वाट्या, दोन प्लॅस्टिकच्या दांड्या आणि खाली ओढून काढायचा ट्रे. पण कोणत्या पोपटाचा, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. पिंजरा चुकतो तो इथेच.

पोपट, राघू, रावा, मिठू ही सगळी नावं आपण त्याच हिरव्या, लाल चोचीच्या पाखराला देतो. जाणकार पुढे वेगळं करतात: पंखावर लाल डाग असलेला थोराड तो करण, जांभळट-लाल डोक्याचा चिमुकला तो तुईया. हे सारे भारतीय पोपट आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते पकडणं, विकणं किंवा घरी ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे ज्या पक्ष्याला मराठी माणूस पोपट म्हणतो, त्याच्यासाठी हा पिंजरा घेताच येत नाही.

उरतात परदेशी जाती, आणि तिथे दुकानातली भाषा आणखी गोंधळ घालते. ‘लव्हबर्ड’ म्हणून देतात तो बहुतेक वेळा बजी, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा बजरीगार, वजन ३०-४० ग्रॅम. खरा लव्हबर्ड मागायचा तर ‘आफ्रिकन लव्हबर्ड’ म्हणावं लागतं. ‘कॉकटेल’ म्हणजे कॉकाटील, वजन ८०-१०० ग्रॅम आणि शेपटीसकट लांबी फूटभर. नावाची ही गफलत थेट मापात उतरते. कॉकाटीलची शेपटी या पिंजऱ्यात वळताना तारेला घासते आणि पिसांची टोकं झिजतात. आफ्रिकन लव्हबर्डची चोच इतकी ताकदीची असते की प्लॅस्टिकच्या वाट्यांच्या कडा तो कुरतडून टाकतो. बजीलाही कायमचं घर म्हणून ही जागा अपुरी पडते, कारण त्याचे पसरलेले पंखच फूटभर भरतात. जोडीसाठी किमान अडीच फूट लांबी हवी. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची, कारण पोपट आडवा उडतो.

तारांमधलं अंतर पट्टी लावून मोजा. बजी आणि लव्हबर्डसाठी १२ मिमीपेक्षा जास्त नको, कॉकाटीलला १६ मिमीपर्यंत चालतं. घुमटाच्या टोकाशी तारा जवळ येत जातात आणि त्या निमुळत्या फटीत चढणाऱ्या पक्ष्याचं बोट अडकतं. सपाट छताचा चौकोनी पिंजरा मिळत असेल तर घुमटाच्या वाटेला जाऊच नये.

सगळ्यात गंभीर दोष तारेच्या मुलाम्याचा. जीआय म्हणजे लोखंडावर जस्त. पोपट चोचीने धरून चढतो, तार चाटतो, आणि सांध्यांवरचे जस्ताचे सुटे कण पोटात जातात. मग सुस्ती, उलटी, पाणचट विष्ठा, वजन घटणं. ही लक्षणं दिसली की घरगुती उपाय करत बसू नका, पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. हाच पिंजरा वापरायचा असेल तर व्हिनेगर लावून ताठ ब्रशने प्रत्येक सांधा घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा. पांढरी भुकटी परत दिसली की परत घासा. धोका याने कमी होतो, जात नाही. चोचीने न सोलवटणारं चांगलं पावडर कोटिंग किंवा स्टेनलेस स्टील केव्हाही बरं.

दांड्या पहिल्याच दिवशी काढून टाकाव्यात. गुळगुळीत, एकाच जाडीच्या दांडीवर तळव्याच्या त्याच त्या जागी दाब पडतो. आधी लाली, मग सूज, शेवटी जखम. शिवाय खाच सैल झाली की दांडी पक्ष्याच्या भाराने गरकन फिरते. शुकनलिकान्याय या जुन्या दृष्टांतात पोपट पकडायला पारध्याने लावलेली नळी अशीच फिरते आणि घाबरलेला पोपट ती सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट धरतो. इथेही तेच होतं, पाय मुरगळतो. औषध न मारलेल्या पेरूच्या फांद्या आणा, धुऊन वाळवा, वाकड्यातिकड्याच ठेवा. बजीला १०-१५ मिमी, कॉकाटीलला १५-२५ मिमी जाडी पुरते. वाटीच्या बरोबर वर फांदी बसवू नका, विष्ठा पाण्यात पडते.

वर सरकणारं दार चोचीने उचलणं कॉकाटीलला सहज जमतं. त्याला स्प्रिंगची क्लिप लावा. ट्रे मात्र चांगला आहे: सहज निघतो, वर्तमानपत्राचा कागद नीट बसतो. कागद रोज बदला आणि विष्ठेचा रंग रोज पाहा, आजार आधी तिथे दिसतो.

बजीला डॉक्टरकडे न्यायला किंवा मोठा पिंजरा धुताना तासाभरासाठी हा ठीक आहे. कॉकाटील किंवा लव्हबर्डसाठी घेऊ नका.