१०००/६००० चा पाण्याचा दगड: सुऱ्यांसाठी घ्या, खुरप्यासाठी नको

धार लावायचा दोन बाजूंचा दगड, एकीकडे १००० ग्रिट, दुसरीकडे ६००० (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा मोठा तितके कण बारीक). आठ महिने झाले, घरातल्या चार सुऱ्यांना मी यावरच धार लावते आणि १००० च्या बाजूवर बेहद्द खूश आहे. दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबले की कामाला तयार. घासताना वर राखाडी चिखल जमतो. सुरुवातीला तो मी सारखा धूत होते, ते चुकलंच. दगडाचे सुटे कण त्यात असतात, तेही पोलाद कापतात. आता वरून फक्त थेंब थेंब पाणी देते.

सोबत आलेली कोन धरायची प्लास्टिकची पट्टी मात्र कुचकामी. पातं निमुळतं होतं तिथे तिचा कोन बदलतो. त्यापेक्षा मार्कर घ्या. धारेलगत शाई फासा, दोनदा घासा आणि बघा. अगदी काठाला शाई उरली तर सुरीची पाठ जरा उचला. काठाची गेली पण मागची राहिली तर पाठ खाली घ्या. माझ्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांना दर बाजूला वीसेक अंशांचा कोन मानवतो.

पहिल्या तिन्ही वेळी सुरी मध्ये छान कापायची आणि टोकाला घसरायची. कारण उशिरा कळलं. एक बाजू घासताना पलीकडे बारीक खरखर उठते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागल्याशिवाय सुरी उलटायची नाही, आणि मी घाई करत होते. बोट पाठीकडून धारेकडे, आडवं सरकवून तपासा. धारेच्या लांबीने कधीच नाही.

६००० च्या बाजूवर मी हलक्या हाताने पाच-सहा वेळाच फिरवते. कागद आवाज न करता कापला जातो, पण रोजच्या वापरात १००० पुरेसा आहे.

बागेच्या अवजारांना मात्र हा दगड नको. खुरप्याच्या वाकड्या पात्याने एका दुपारीत याच्या मधोमध खळगा पाडला. मग पेन्सिलीने दगडावर चौकटी आखल्या, काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवला आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर घासला. तासभर गेला. खुरप्याला आता कानस वापरते. तेवढी धार मातीला पुरते.

छाटणीची कात्री चालते, तीही पातं सोडवून. तिची उताराची बाजूच घासायची. मागची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदा फिरवा, फक्त खरखर काढण्यापुरती. तिला उतार दिलात तर दोन्ही पात्यांत फट राहते आणि फांदी तुटण्याऐवजी चेंगरते.

वापरल्यावर दगड सावलीत वाळवा. उन्हात घाईने वाळवला तर तडकू शकतो.