रिमोट डेस्कटॉपवर कोण कुठून आलंय: नेटस्टॅट, एपीआय की इव्हेंट लॉग?

विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे लांबून त्याची स्क्रीन उघडून, काम करणाऱ्यांची आठ-नऊ सेशन्स चालू आहेत आणि त्यातलं एक नेमकं कुठून आलंय हे शोधायचंय. ‘क्वेरी यूजर’ ही कमांड दिली की नाव, सेशन आयडी, किती वेळ नुसतं पडून आहे, सगळं मिळतं. आयपी पत्ता तेवढा नाही. टास्क मॅनेजरच्या यूजर्स टॅबमध्ये क्लायंटचं, म्हणजे जोडणाऱ्या मशीनचं, नाव दिसतं, पण आमच्याकडे निम्म्या लॅपटॉपची नावं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अगम्य अक्षरं अशी आहेत. ‘क्लायंटनेम’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचंही तेच. शिवाय ऑफिसमधलं सेशन कुणी घरून पुन्हा जोडलं, तर आधीपासून उघड्या असलेल्या कमांड विंडोत जुनंच नाव राहतं. ते बाजूलाच ठेवू.

सवयीने हात जातो तो नेटस्टॅटकडे, म्हणजे चालू नेटवर्क जोडण्यांची यादी देणाऱ्या कमांडकडे. ‘नेटस्टॅट -एन’ आणि त्यात ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं पोर्ट शोधायचं, झालं. पोर्ट बदललं असेल तर तो आकडा. एकच माणूस जोडलेला असेल तर याहून सोपं काही नाही, तिथे मी अजूनही हेच वापरतो. पण माणसं वाढली की नुसती पत्त्यांची यादी हातात येते, कुठला पत्ता कुणाचा ते कळत नाही. ‘-ओ’ लावून प्रोसेस आयडी काढला तरी सगळ्या ओळींसमोर टर्मिनल सर्व्हिसचाच एक आकडा. आणि माणूस गेला की ओळही गेली. काल रात्रीचं विचाराल तर नेटस्टॅटकडे उत्तर नाही.

म्हणून मी एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रॅममधून विंडोजलाच माहिती विचारायच्या फंक्शन्सकडे, वळलो होतो. ‘डब्ल्यूटीएस क्वेरी सेशन इन्फर्मेशन’ला सेशन आयडी द्यायचा, क्लायंट ॲड्रेस मागायचा. पत्ता त्या बाइट्सच्या सुरुवातीला नसून दोन बाइट पुढे असतो, यात माझी एक संध्याकाळ गेली. पण नंतर नावासमोर पत्ता दाखवणारी छोटीशी विंडो तयार झाली आणि मी खूश होतो.

मग अकाउंट्समधल्या एका मॅडमचा फोन आला. “सर, काम करता करता मला बाहेर फेकतंय. कुणीतरी माझ्या लॉगिनमध्ये शिरतंय.” मी विंडो बघितली: १९२.१६८.२९.१०. त्यांच्या लॅपटॉपवर बघायला सांगितलं, तिथेही १९२.१६८.२९.१०. “अहो, तुम्हीच आहात, नेट तुटत असेल,” असं सांगून मोकळा झालो. दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन, आवाज जरा चढलेला.

घोळ असा की हा एपीआय जो पत्ता देतो, तो क्लायंटने स्वतःहून कळवलेला असतो. म्हणजे घरातल्या राउटरने लॅपटॉपला दिलेला, आतला. दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या घरी त्याच कंपनीचा राउटर होता, त्यानेही तोच पत्ता वाटला होता. एक फाइल काढायला म्हणून त्याने कधीतरी मॅडमचा पासवर्ड घेतला होता आणि तो त्याच्या मशीनवर सेव्ह राहिला होता. तो जोडला की या बाहेर, या जोडल्या की तो बाहेर. माझ्या विंडोत मात्र कायम एकच पत्ता.

हे सापडलं इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे विंडोज घडामोडींच्या नोंदी ठेवतं तिथे. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्जखाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर, ऑपरेशनल. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला क्रमांक असतो: २१ म्हणजे लॉगऑन, २५ म्हणजे पुन्हा जोडणी. दोन्हींत यूजर, सेशन आयडी आणि सोर्स नेटवर्क ॲड्रेस एकत्र असतात. हा पत्ता सर्व्हरला बाहेरून दिसलेला. त्या दुपारच्या नोंदींत एकाच सेशनसाठी दोन वेगळे पत्ते आलटून पालटून येत होते आणि मध्येमध्ये ४० ची नोंद, रीझन कोड ५, म्हणजे दुसऱ्या जोडणीने आधीची हटवली. मॅडमना मी सॉरी म्हटलं.

बरेच जण ११४९ क्रमांकाची नोंद बघायला सांगतात. त्यात पत्ता असतो, पण सेशन आयडी नसतो. आणि नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (सेशन उघडण्याआधीच ओळख तपासणं) बंद असेल तर ती नोंद म्हणजे लॉगिन झालंच असं धरू नये. सिक्युरिटी लॉगमधली ४६२४, लॉगऑन टाइप १० (रिमोट लॉगिन), हीदेखील चालते, पण तिथे इतर नोंदींची गर्दी फार.

सगळे ऑफिसच्याच लॅनवर असतील तर एपीआय वापरा, खुशाल. मधे आरडी गेटवे (बाहेरच्या जोडण्या आत पोचवणारा सर्व्हर) असेल तर मात्र माझ्या आवडत्या लॉगमध्येही गेटवेचाच पत्ता उमटतो. तेव्हा गेटवेच्या स्वतःच्या लॉगमधली ३०२ बघावी लागते. बाकी घराघरांतून लोक जोडत असतील, तर माझ्या मते तरी लॉगच बरा. पॉवरशेलमधल्या गेट-विनइव्हेंट कमांडची चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

फक्त त्या लॉगची कमाल मर्यादा मुळात जेमतेम एक एमबी असते, जुन्या नोंदी पुसल्या जातात. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती आजच वाढवून ठेवा. मी पन्नास ठेवली आहे.