बॅटरी, हायड्रोजन, ई-फ्युएल की वायर: २० बसचा हिशोब मांडून बघू

कार्बन न्यूट्रल (म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये निव्वळ भर न घालणाऱ्या) वाहतुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, गाडी केवढ्याला पडते? आणि मग डिझेल बसच्या शेजारी इलेक्ट्रिक बसची किंमत लिहायची, हायड्रोजनवालीची लिहायची, आकडे बघून डोळे पांढरे करायचे आणि फाइल बंद. माझं म्हणणं असं की गाडीच्या किमतीपासून सुरुवात केली की हिशोब तिथंच फसतो, कारण गाड्या दर १०-१२ वर्षांनी बदलतात पण जमिनीत जे गाडलं जातं, केबल, ट्रान्सफॉर्मर, टाक्या, ते कितीतरी जास्त वर्षं गळ्यात राहतं. म्हणून आधी विजेचं मीटर बघा, गाडी नंतर.

नुसत्या गप्पांपेक्षा एक डेपो घेऊ. २० बस, प्रत्येक रोज २०० किलोमीटर, रात्री सगळ्या परत येऊन उभ्या राहतात. म्हणजे रोजचे ४,००० किलोमीटर. साधी १२ मीटरची डिझेल बस १०० किलोमीटरला साधारण ३५ लिटर खाते, म्हणजे सध्या रोज १,४०० लिटर डिझेल जळतंय. आता हेच काम चार पद्धतींनी करून बघू.

बॅटरी. इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला अंदाजे १.२ युनिट लागतात, थंडीत हीटर किंवा उन्हाळ्यात एसी जोरात असेल तर जास्त, पण १.२ धरा. ४,००० किलोमीटरचे ४,८०० युनिट, चार्जिंगमधली गळती धरून ५,३०० म्हणू. रात्रीच्या ८ तासांत हे भरायचं तर सरासरी ६६० किलोवॉट लोड येतो. इथपर्यंत ठीक आहे. पण गंमत पुढे आहे. समजा तुम्ही प्रत्येक बसला १०० किलोवॉटचा चार्जर घेतला आणि रात्री ११ वाजता सगळ्या ड्रायव्हरांनी गाडी लावून गन खोचली तर लोड होतो २,००० किलोवॉट, आणि अडीच-तीन तासांत सगळ्या बस फुल होऊन उरलेली रात्र चार्जर नुसते उभे. युनिट तेवढेच, पण कनेक्शन तिप्पट मोठं मागावं लागतं, ट्रान्सफॉर्मर तिप्पट, केबल जाड, आणि बऱ्याच ठिकाणी वीजबिलात कमाल मागणीचा वेगळा आकार असतो तोही तिप्पट. हे टाळायला लागतं काय, तर पाळीपाळीने चार्ज करणारं एक सॉफ्टवेअर. चार्जर विकणारे लोक याबद्दल आपणहून फार बोलत नाहीत, का ते तुम्हीच ओळखा.

मी एका ठिकाणी स्वतः बघितलंय, गाड्या आल्या, चार्जर आले, फित कापून झाली, फोटो झाले, आणि लोड मंजूर व्हायचाच होता. कित्येक महिने चार्जर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले आणि त्या नव्या कोऱ्या बस चार्ज करायला एक डिझेल जनरेटर धडधडतोय. जनरेटर भाड्याने आणलेला, त्याचं डिझेल वेगळं. यात बॅटरीचा काही दोष नाही, क्रम चुकला बस. गाडी काही महिन्यांत मिळते, पण सबस्टेशनची क्षमता वाढवायची असली तर वर्ष-दोन वर्षं सहज जातात, त्यामुळे अर्ज आधी, टेंडर नंतर.

लाइनच कमकुवत असेल तर काय? त्याचं छान उदाहरण नॉर्वेत आहे. तिथं २०१५ मध्ये लाविक ते ओपेडाल या फेरीवर आम्पेरे नावाची बॅटरीवर चालणारी फेरीबोट सुरू झाली, गाड्या वाहून नेणारी, पाण्यातला प्रवास २० मिनिटांचा. किनाऱ्यावर थांबा जेमतेम १० मिनिटं, तेवढ्यात चार्ज व्हायला हवी, पण दोन्ही गावांची लाइन एवढा झटका सहन करणारी नव्हती. मग त्यांनी दोन्ही धक्क्यांवर एकेक मोठी बॅटरी बसवली. बोट पलीकडे गेली की ही बॅटरी लाइनवरून हळूहळू भरून घेते आणि बोट आली की भसकन तिला देऊन टाकते. घरात बारीक नळ असला की आपण टाकी बांधतो, अगदी तेच. डेपोलाही हे जमतं, खर्च वाढतो पण कधीकधी नवी लाइन ओढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आणि हो, छतावर सोलर टाकू की, असं कुणीतरी म्हणणारच. टाका, जरूर टाका, पण चांगल्या उन्हाच्या जागी १ किलोवॉट पॅनेल रोज सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे ५,३०० युनिटांना १,३०० किलोवॉटच्या वर पॅनेल लागतील, जागा साधारण १३ हजार चौरस मीटर, आणि ती वीज तयार होणार दुपारी जेव्हा तुमच्या बस रस्त्यावर असतील. ऑफिसचे पंखे आणि वर्कशॉप चालेल मस्त.

आता हायड्रोजन. त्याचं आकर्षण मला कळतं, १० मिनिटांत टाकी भरते, रेंजची चिंता नाही, ड्रायव्हरला डिझेलसारखीच सवय. फ्युएल सेल बसला (हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवून धावणारी) १०० किलोमीटरला सुमारे ८ किलो धरा, म्हणजे रोज ३२० किलो. पाण्यापासून वीज वापरून १ किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट जातात, दाबून भरण्याचा खर्च धरून ५५ म्हणा. झाले १७,६०० युनिट. बॅटरीच्या ५,३०० समोर हे तिपटीहून जास्त. तेच किलोमीटर, त्याच बस, तेच पॅसेंजर.

स्वतः बनवायचा नसेल तर बाहेरून आणा, पण तो येतो कसा तेही बघा. नेहमीच्या स्टीलच्या नळकांड्यांचा ट्रेलर, वजन जवळपास ४० टन, आणि आत हायड्रोजन ३००-४०० किलो. म्हणजे या एका डेपोसाठी रोज एक अख्खा ट्रेलर. त्या जागी डिझेलचा टँकर दोन-तीन आठवड्यांत एकदा येत होता. शिवाय बसच्या टाकीत ३५० बार दाबाने भरायचा (कारला तर ७०० बार), म्हणजे कॉम्प्रेसर, साठवणीच्या टाक्या, गळती पकडणारे सेन्सर, सुरक्षेसाठी मोकळी सोडायची जागा. आणि कॉम्प्रेसर बंद पडला की सगळ्याच बस अडकल्या, म्हणून दुसरा लागतो. २० पैकी एक चार्जर बिघडला तर एक बस उशिरा निघते, हा फरक कोटेशनमध्ये कुठंच दिसत नाही.

जर्मनीत लोअर सॅक्सनीमध्ये २०१८ ला हायड्रोजनवर धावणारी प्रवासी ट्रेन सुरू झाली, २०२२ मध्ये त्या मार्गावर १४ ट्रेन झाल्या, जगभर बातम्या. त्याच राज्याने डिझेल बदलण्याच्या पुढच्या टप्प्यासाठी मात्र बॅटरी ट्रेन निवडल्या कारण त्या चालवायला स्वस्त पडतात असं त्यांच्या हिशोबात निघालं. मी हायड्रोजनच्या विरोधात नाही, खत कारखाने आणि स्टीलला तो लागणारच आहे, पण रोज रात्री घरी येणाऱ्या बससाठी तो म्हणजे शेजारच्या बोळात जायला विमान पकडणं.

ई-फ्युएल हा तिसरा पर्याय, हवेतला किंवा चिमणीतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, त्यात हायड्रोजन मिसळायचा आणि डिझेल-पेट्रोलसारखं इंधन बनवायचं. डेपोतल्या बांधकामाच्या दृष्टीने याच्याइतकं सोपं काही नाही, तीच टाकी, तोच पंप, तेच इंजिन, डेपोत एक वीटही हलवायला नको. फक्त एका लिटर डिझेलमध्ये १० युनिटच्या आसपास ऊर्जा असते आणि ती अशी बनवायला साधारण दुप्पट वीज घालावी लागते, म्हणजे आपल्या १,४०० लिटरला रोज २८ हजार युनिट, खरं तर त्याच्याही पुढे. बॅटरीच्या पाचपटीहून जास्त. खर्च गायब झालेला नाही, तुमच्या डेपोतून उठून कुठल्यातरी लांबच्या पवनचक्क्यांपाशी गेलाय आणि लिटरच्या भावातून परत येणार. चिलीत पुंता आरेनासजवळ हारू ओनी नावाचा असा प्लांट २०२२ च्या अखेरीस सुरू झाला, तिथला जोरदार वारा वापरून. सुरुवातीची क्षमता वर्षाला १ लाख ३० हजार लिटर. लिटरला लिटर धरलं तर आपल्या २० बसना ते ९३ दिवस पुरेल.

वापरलेल्या तेलापासून केलेलं रिन्युएबल डिझेल याचंच स्वस्त भावंड, आणि जुन्या गाड्यांची शेवटची पाच-सात वर्षं काढायला मला ते आवडतं. पण जगात तळण किती निघतं त्याला मर्यादा आहे आणि विमानवाले तेच मागत बसलेत. बायोगॅसही चांगला, फक्त प्लांटमध्ये किंवा पाइपमध्ये मिथेन गळला तर केलेलं सगळं पाण्यात, कारण मिथेन १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-३० पट तापवतो.

वायर राहिली. ट्रॉलीबस (वरच्या तारेतून वीज घेत धावणारी बस), ट्राम, इलेक्ट्रिक रेल्वे. बॅटरीत भरा, मग काढा ही भानगडच नाही त्यामुळे वीज सगळ्यात कमी वाया जाते, आणि तंत्र शंभर वर्षांहून जुनं, सगळ्यांना पाठ. अडचण एकच, इथं खर्च गाडीमागे नाही तर किलोमीटरमागे होतो. दर पाच मिनिटांला बस जात असेल तर वायर स्वस्त, तासाला एक असेल तर उधळपट्टी. अलीकडे मधला रस्ता निघालाय, लहान बॅटरीवाली ट्रॉलीबस जी अर्ध्या मार्गावर वायरखाली धावताधावता चार्ज होते आणि उरलेला मार्ग बॅटरीवर करते, त्यामुळे चौक, पूल, जुन्या पेठा असल्या किचकट जागी वायर ओढावीच लागत नाही. एकच गर्दीचा मार्ग असेल तर हे नक्की तपासा, लोक उगाच जुनाट समजून सोडून देतात.

आता ज्या शब्दासाठी हे सगळं चाललंय, कार्बन न्यूट्रल, त्याचा हिशोब. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपली बस किलोमीटरला ०.९४ किलो सोडते. तुमच्या ग्रिडवर कोळसा भरपूर असेल, समजा युनिटमागे ०.७ किलो, तर गळती धरून बॅटरी बस ०.९३. हो, बरोबर वाचलंत, जवळपास तेवढंच! शहरातला धूर गेला हा फायदा खरा पण कार्बन जागचा हलला नाही. आणि त्याच विजेवर हायड्रोजन बनवला तर किलोमीटरला ३ किलोच्या वर, डिझेलच्या तिप्पट, वरून बसवर हिरव्या पानाचं चित्र. ग्रिड स्वच्छ असेल, युनिटमागे ०.१ किलो, तर बॅटरी ०.१३ आणि हायड्रोजन ०.४४. म्हणून गाडीचं कोटेशन मागवताना स्वच्छ विजेच्या कराराचं कोटेशन शेजारी ठेवा, नाहीतर न्यूट्रल हा शब्द काढून टाका.

पैशांचं सरळ सांगायचं तर बॅटरीत पैसा आधी जातो, गाडीत आणि जमिनीत, मग रोजचं स्वस्त. ई-फ्युएलमध्ये आधी काहीच नाही, मग रोज रक्त काढतं. हायड्रोजनमध्ये आधीही जातो आणि रोजही. बॅटरीचे भाव २०१० पासून जवळपास ९० टक्के उतरलेत त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट कुणी पुढे केला तर तो बाजूला ठेवा. गाडी जितकी जास्त धावेल तितका बॅटरीचा पैसा लवकर वसूल होतो, दिवसाला ५० किलोमीटर करणारी बस बदलायची घाई करू नका, आधी २०० करणारी बदला.

बस सोडून बाकीच्यांचं थोडक्यात. ठरलेल्या मार्गाचे ट्रक बॅटरीवर जमतायत, पण लांब पल्ल्याच्या ट्रकला हायवेवर मेगावॉटचे चार्जर लागतात आणि ते एकट्या मालकाच्या हातात नाही. जहाजांचा कल मिथेनॉल आणि अमोनियाकडे आहे, मिथेनॉलला टाकी दुपटीहून मोठी लागते आणि अमोनिया विषारी. विमानात बॅटरीचं वजन परवडत नाही, तिथं ई-फ्युएल आणि बायोफ्युएललाच जागा, युरोपियन युनियनने २०२५ ला २ टक्के आणि २०५० पर्यंत ७० टक्के अशी सक्ती घातलीय. म्हणूनच म्हणतो, जिथं वायर पोचते तिथं हे महागडं इंधन जाळू नका.

मी या २० बसचा मालक असतो तर लोडचा अर्ज आज टाकला असता, ७०० किलोवॉटचा, आणि सोबत पाळीपाळीने चार्ज करायचं सॉफ्टवेअर. पहिल्या वर्षी फक्त ५ बस, जास्त धावणाऱ्या, बाकीच्यांना मिळेल तेवढं रिन्युएबल डिझेल. पण केबलसाठी चर खणला जाईल तेव्हा पाचच्या जागी वीसच्या वीस बसचे पाइप त्यात टाकून घेतले असते, रिकामे का होईना, तोंडाला बूच लावून. पाइप स्वस्त असतो, डांबर पुन्हा फोडणं महाग.