जपमाळ घेताना लाकूड नंतर, आधी गाठी बघा

दादर पश्चिमेला किंवा भुलेश्वरच्या गल्ल्यांत पूजासाहित्याच्या दुकानात जपमाळ मागितली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तुळशीची, रुद्राक्षाची, स्फटिकाची की चंदनाची?’ घरात आजारपण चालू आहे, नोकरीचं काही खरं नाही, आणि मन ताळ्यावर आणायला कुणी नव्यानेच जपाला बसतंय, तर सरळ तुळशीची घ्यावी. वजनाला हलकी, खिशात मावते आणि साधी माळ शे-दोनशेच्या घरात मिळते. स्फटिक मुंबईच्या घामेजल्या बोटांतून निसटतो. स्वस्तातल्या चंदनाचा वास बहुतेक वेळा वरून लावलेला असतो; काही दिवसांत तो उडतो आणि हातात राहतं साधं लाकूड.

पण लाकडावर घासाघीस करण्यात वेळ घालवू नका. माळ चांगली की वाईट हे गाठी ठरवतात. 108 मणी, वर मेरुमणी (माळेची दोन टोकं जिथे जुळतात तिथला वेगळा मणी) आणि प्रत्येक दोन मण्यांमध्ये एक गाठ, अशीच माळ मागा. नुसत्या ओवलेल्या माळेत मणी एकमेकांना खेटून असतात, बोटाखालून दोन एकदम सरकतात आणि लक्ष नामावरून उडून मोजणीत अडकतं. गाठीच्या माळेत प्रत्येक मणी सुटा हाताला लागतो. दुकानातच एक मणी चिमटीत धरून शेजारच्या गाठीवर दाबून पाहा. गाठ भोकात शिरली तर ती माळ परत ठेवा, कारण चार महिन्यांनी तिच्या सगळ्याच गाठी शिरणार. शिवाय गाठीची माळ तुटली तर एखाद-दुसरा मणी गळतो. बिनगाठीची विरार लोकलमध्ये तुटली, तर मणी शोधायला वाकायलाही जागा नसते.

मणी 8 मिलिमीटरचे घ्या. गाठी धरून साधारण एक मीटरचा घेर होतो. 6 मिलिमीटरचे मणी वयस्कर बोटांना सापडत नाहीत. तुळशीची काडी मुळातच बारीक असते, त्यामुळे 12 मिलिमीटरचे एकसारखे गुळगुळीत मणी कुणी तुळस म्हणून पुढे केले तर शंका घ्यावी. ओल्या पांढऱ्या रुमालाने दोन मणी चोळा. रंग उतरला तर माळ रंगवलेली आहे. दोरा सुती असू द्या. नायलॉन तुटत नाही हे खरं, पण गुळगुळीत असल्याने त्याच्या गाठी सैल होतात. ‘सिद्ध केलेली’ म्हणून दुप्पट भाव सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं.

वापरायची रीत सोपी आहे. माळ मधल्या बोटावर टेकवायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लावत नाहीत. मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. एक माळ धरतात शंभराची, वरचे आठ चुकल्यामाकल्याचे.

बिघडतं ते घाईने. आकडा गाठायच्या नादात ‘राम कृष्ण हरी’चं पुटपुटणं होतं, श्वास वरवर चालतो आणि अकरा माळा झाल्या तरी छातीतली धडधड तशीच. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2001 साली इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. 23 निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणी पद्मे ओम’ म्हणवून घेतल्यावर त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. तोच हिशोब इथे लावता येतो. एका श्वासाला दहा सेकंद धरा: श्वास सावकाश घ्या आणि सोडताना तीन वेळा ‘राम कृष्ण हरी’ म्हणा. म्हणजे 36 श्वासांत, सहा मिनिटांत एक माळ. दादरहून चर्चगेटला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये आरामात तीन होतात. तेरा अक्षरी ‘श्रीराम जय राम जय जय राम’ एका श्वासात दोनदाच घ्यावा. माळेला नऊ मिनिटं लागतील, लागू द्यावीत. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर मात्र डॉक्टरकडे जाणं माळेवर ढकलू नये.

गोमुखी, म्हणजे जप करताना माळेसकट हात आत घालायची पिशवी, सुती घ्या. मखमलीची दिसायला छान, पण आत हाताला घाम फुटतो. घेण्याआधी ती उलटी करून शिवण बघा. आतले सुटे धागे माळेच्या गाठींत अडकतात आणि दर दहा मण्यांनी हात थांबतो. पावसाळ्यात माळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवली तर बुरशी धरते. साबणाने धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवा.

बोटात घालायचा बटणाचा काउंटर गर्दीत सोयीचा, हे मान्य. पण दांडी धरताना बटण दाबलं जातं, आणि आकडा सारखा डोळ्यांसमोर असल्याने घाईचं दुखणं परत येतं. उभ्याने प्रवास असेल तर त्यापेक्षा 27 मण्यांची छोटी माळ बरी. चार फेऱ्यांत 108 होतात.

सुती दोरा पहिल्यांदा मेरूजवळ झिजतो, कारण दर वेळी माळ तिथेच वळते. तिथे धागा पिंजलेला दिसला की तुटायची वाट न बघता पटवेकऱ्याकडून, म्हणजे माळा-दागिने ओवून देणाऱ्याकडून, पुन्हा ओवून घ्या, आणि देण्याआधी मणी मोजून द्या.