कोर्टाच्या तारखेला माणसं न्यायची होती, यांची सतरा सीटर केली

लग्नाला, जोतिबाला, नृसिंहवाडीला या भाड्याच्या सतरा सीटरवाल्यांची गाडी आमच्या पेठेत बऱ्याच जणांनी केली असेल. आम्ही ती कसबा बावड्याच्या कोर्टात जायला केली, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. दुसरी पाळी सुटून घरी येताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने त्याला उडवलं. खटला सेशन्स कोर्टात चालला, जुन्या दंड संहितेचं कलम ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध. आरोपी दोषी ठरला आणि शिक्षेवर म्हणणं ऐकायला पुढची तारीख पडली. या कलमाला जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत, कमीत कमी काही ठरलेलं नाही. नुसत्या दंडावरही सुटू शकतो. हे कळल्यापासून आईचा डोळा लागेना.

आरोपीकडची माणसं दर तारखेला भरपूर असायची. आमच्याकडून मी आणि आई. या वेळी मी लाज सोडून तालमीच्या ग्रुपवर लिहिलं की या, पण घोषणा नकोत, फोटोचे फलक नकोत, आईच्या मागे नुसतं बसा. तालमीतली पोरं, फौंड्रीतले त्याचे दोस्त, आईच्या भिशीतल्या बायका, सगळे हो म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना केएमटीच्या बसने धाडायचं आणि पोरांनी गाड्यांवरून मागनं यायचं, तर निम्मे पोचेपर्यंत पुकारा होऊन जातो. सगळे एकदमच जायला हवे होते.

फोनवर चालकमामांनी पहिलंच विचारलं, "साक्षीला चाललाय का निकालाला?" शिक्षेची तारीख आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग परतायची येळ लिहूच नका ताई. दिवसाचं धरू." ज्यांनी कोर्ट पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल. आमचा पुकारा जेवणाच्या सुट्टीनंतर झाला. तासावर थांबण्याचे पैसे लावणारा असता तर माझं अर्धं लक्ष घड्याळातच राहिलं असतं. आरोपीच्या नातेवाइकांच्या गाड्या जिथे लागल्या होत्या तिथून लांब त्यांनी आपली गाडी लावली. हे मी सांगितलं नव्हतं. जाताना टेपही लावला नाही.

आत सगळे मावले नाहीत, काही व्हरांड्यात उभे राहिले. मोबाइल बंद करून गाडीतच ठेवलेले बरे, मामांनी ते सांभाळले. आईने तिचं म्हणणं अर्ध्या पानावर लिहून सरकारी वकिलांकडे दिलं होतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एका निकालात म्हटलंय की शिक्षा ठरवताना पीडिताच्या घरच्यांवर काय गुदरलं तेही समोर यावं. तुमच्यावर अशी वेळ आली तर वकिलांना हे आधीच विचारा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

माणसं बघून शिक्षा वाढत नाही, वाढूही नये. मी त्यांना न्यायाधीशांसाठी बोलावलंच नव्हतं. सात वर्षं सक्तमजुरी असं वाचलं गेलं तेव्हा आईला कायद्याच्या भाषेतलं काही समजलं नाही. भिशीतल्या काकूंनी तिचा हात धरून कानात सांगितलं. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. ती बाई तिथे नसती तर आईला कुणी सांगितलं असतं?

बाहेर आल्यावर तिकडच्यांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं आणि आमची दोन पोरं वळली. मामांनी गाडीचं दार उघडून हाक मारली, "आदी आईस्नी घरी पोचवूया, या रं बसा." पोरं मुकाट्याने येऊन बसली. या एका कामासाठी मी त्यांना पूर्ण गुण देते.

उणिवा आहेत. पायरी उंच आहे, आईला दोघांनी धरून चढवावं लागलं, एखादा स्टूल ठेवायला हवा. मागच्या सीटपर्यंत एसी पोचत नाही, आणि शेवटच्या रांगेत गुडघे अडतात. पण भाडं ठरलं तेवढंच घेतलं, डिझेल किंवा पार्किंगच्या नावाखाली वर काही मागितलं नाही. लग्नसराईत मात्र आधी सांगून ठेवा.

आरोपी अपिलात जाणार असं वकील म्हणतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर दवाखान्यासमोर भरतंय, त्यामुळे मुंबईचा हेलपाटा तरी वाचला. तिथे मोठी गाडी उभी करायला जागा मिळणं अवघड, म्हणून माणसं दारात उतरवून आपण दसरा चौकात थांबू, असं मामांनी आत्ताच सांगून ठेवलंय. ती तारीख लागली की मी यांनाच फोन करणार आहे.