दहा महिने, अकरा हजार किलोमीटर : २००९ च्या स्विफ्टचा अनुभव

जुनी गाडी घ्यायचे ठरले तेव्हा माझ्या तीन अटी होत्या. गाडी दीड लाखाच्या आत मिळावी, पुणे–दापोली या आमच्या नेहमीच्या वाटेवर तिच्यावर भरवसा ठेवता यावा आणि ताम्हिणी घाटात ती चालवताना मनापासून आनंद व्हावा. बरीच शोधाशोध करून मी २००९ ची मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ लिटर पेट्रोल, १ लाख ३५ हजारांना घेतली. तेव्हा मीटरवर ९२ हजार किलोमीटर होते. त्याला आता दहा महिने झाले असून गाडी अकरा हजार किलोमीटर चालली आहे.

२००९ हे साल मी मुद्दाम निवडले होते. स्विफ्ट भारतात मे २००५ मध्ये आली तेव्हा तिच्यात १२९८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे इंजिन होते. मारुतीच्याच एस्टीम आणि जिप्सी या गाड्यांच्या इंजिनाच्या कुळातले. २०१० मध्ये त्याच्या जागी १.२ लिटरचे के-सीरिज इंजिन आले. ते अ‍ॅव्हरेजला सरस आहे आणि त्यात टायमिंग बेल्टऐवजी (इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडायला लावणाऱ्या रबरी पट्ट्याऐवजी) चेन असल्याने देखभालही कमी लागते. केवळ रोजच्या वापरासाठी गाडी हवी असेल त्याने तेच घ्यावे, असे मी म्हणेन. परंतु जुने इंजिन ज्या उत्साहाने वर चढते, तो मला नव्यात जाणवला नाही.

ताकद ८७ अश्वशक्ती आणि वजन साधारण एक टन, एवढेच गणित आहे. अडीच हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) खाली हे इंजिन शांत असते, किंबहुना थोडे आळशीच वाटते. साडेतीन हजारांच्या पुढे मात्र त्याचा आवाज बदलतो आणि तिसऱ्या गिअरमध्ये ताम्हिणीचा चढ ते एका दमात ओढून नेते. वळणाआधी ब्रेक, दुसरा गिअर, स्टेअरिंग वळवताच नाक लगेच आत येते, कारण पुढचे आणि मागचे चाक यांतले अंतर अवघे २३९० मिलिमीटर आहे आणि चाके गाडीच्या अगदी टोकांना आहेत. हे सगळे ताशी पन्नास-साठच्या वेगात अनुभवता येते, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. दुप्पट ताकदीची गाडी आपल्या घाटरस्त्यांवर अर्ध्या क्षमतेनेही चालवता येत नाही. हिची मात्र सगळी क्षमता नियमांच्या मर्यादेत राहून वापरता येते.

याच पैशांत अधिक ताकदीच्या गाड्याही मी पाहिल्या. जुनी होंडा सिटी व्हीटेक, फोर्डची १.६ लिटरची आयकॉन आणि फियाटची १.६ लिटरची पालिओ या तिन्ही गाड्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. महामार्गावर पालिओ ज्या ठामपणे रस्ता धरते तशी स्विफ्ट धरत नाही. तरीही मी त्या घेतल्या नाहीत, कारण त्यांचा एखादा भाग गेला तर तो शोधण्यात आठवडे जातात आणि तोवर गाडी उभी राहते. माझ्या मते जुन्या गाडीचा टिकाऊपणा निम्मा इंजिनात असतो आणि निम्मा तालुक्याच्या गावातील स्पेअर पार्टच्या दुकानात.

याचा प्रत्यय मला जुलैत आला. घाट उतरून निजामपूर ओलांडले आणि टेम्परेचरचा काटा चढू लागला. गाडी लगेच बाजूला घेऊन बॉनेट उघडले, तर रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लॅम्पपाशी बोटभर चिरलेला आणि हिरवे कूलंट इंजिनावर उडालेले. पंधरा वर्षांचे रबर होते, ते वयाने गेले. माणगावहून एक मेकॅनिक मोटारसायकलवर नवा पाइप घेऊन आला, इंजिन निवल्यावर त्याने तो बसवला आणि अडीच तासांत आम्ही पुन्हा मार्गाला लागलो. पाइपाची किंमत ३५० रुपये होती. त्यानंतर मी उरलेले सगळे होज आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घेतल्या. पंधरा वर्षांची कोणतीही गाडी घेणाऱ्याने हे काम पहिल्याच आठवड्यात करावे.

गाडीच्या किमतीशिवाय आणखी किमान चाळीस हजार हाताशी हवेत. मला एकूण ४६ हजार खर्च आला. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद सापडली नाही, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले. सस्पेन्शनमधले पुढचे लोअर आर्म, लिंक रॉड, चारही शॉकअप आणि चार टायर हा बाकीचा खर्च. टायरवर नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूला शेवटचे चार आकडे १४१७ होते, म्हणजे ते २०१७ च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेले होते. रबर इतके कडक झाले होते की पावसात ब्रेक लावताना गाडी घसरत असे.

असेच बारकाईने काचांकडेही पाहावे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात निर्मितीच्या वर्षाची खूण असते. माझ्या गाडीत डाव्या मागच्या दाराची काच तेवढी नंतरच्या सालाची निघाली. विचारल्यावर आधीच्या मालकांनी ते दार ठोकले गेल्याचे लगेच सांगितले आणि बिलही दाखवले. त्या प्रामाणिकपणामुळेच मी भावात फार घासाघीस केली नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई करू नये. पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ५००० रुपये झाले असून पर्यावरण कर वेगळा असतो. माझ्या गाडीचे नूतनीकरण आधीच्या मालकांनी २०२४ मध्ये केले होते.

अ‍ॅव्हरेज शहरात ११ आणि बाहेर १५ मिळते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे सहा-सात टक्क्यांची घट धरूनच चालावे. डिकी लहान आहे; आंब्याच्या चार पेट्या ठेवल्या की बॅगा मागच्या सीटवर येतात. मागचा खांब जाड असल्याने रिव्हर्स घेताना मान वळवूनही पुरेसे दिसत नाही. सस्पेन्शन कडक आहे आणि खराब रस्त्यावर माझ्या आईला त्याचा त्रास होतो.

सर्वांत गंभीर उणीव सुरक्षिततेची आहे. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही नाही. त्यामुळे द्रुतगती मार्गावर मी ही गाडी नेत नाही, रात्रीचा लांबचा प्रवास टाळतो आणि मागे बसणाऱ्यालाही पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. घरात लहान मूल असेल आणि ही एकच गाडी असणार असेल, तर पैसे थोडे अधिक घालून एअरबॅग आणि एबीएस असलेली नंतरची गाडी घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

माझ्या गाडीचा क्लच आता थोडा वर येऊन पकडू लागला आहे. गणपतीला दापोलीला जाण्यापूर्वी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच बदलून घेणार आहे. माझ्या मेकॅनिककडे तो आजच उपलब्ध आहे.